मार्सेय साबणाच्या कौटुंबिक कारखान्याला भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हांस प्रांतात मार्सेय शहर आणि त्याच्या उत्तरेकडील सालाँ-द-प्रोव्हांस हे छोटे शहर पिढ्यानपिढ्या साबणासाठी ओळखले जाते. मोठ्या कढईत दिवसेंदिवस शिजवून साबण करण्याची रीत तेथील मोजक्या कारखान्यांनी अजून जपली असून त्यांतील काही आजही एकाच घराण्याच्या हाती आहेत. या कारखान्यांना मी दोनदा भेट दिली आहे. त्यानंतर प्रवासाला निघालेल्या आप्तांनी आणि परिचितांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

मुळात साबणाचा कारखाना पाहण्यासारखा असतो का?

ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना याचे उत्तर चटकन उमगेल. तेथे जशी काहील, उकळता रस, आणि रस कधी उतरवायचा हे केवळ नजरेने ओळखणारा गुळव्या असतो, तशीच येथे हौदासारखी खोल कढई, तीत फसफसणारा दाट लगदा आणि तो तयार झाला की नाही हे ठरवणारा मुख्य कारागीर असतो. गूळ जसा वाफ्यात ओतून निववतात, तसा हा साबणही जमिनीलगतच्या उथळ वाफ्यांत ओततात आणि थिजल्यावर त्याच्या ढेपा कापतात. फरक इतकाच, की गुळाची काहील काही तासांत उतरते आणि साबणाच्या कढईला दहा ते चौदा दिवस लागतात. हाताने आणि डोळ्यांनी चालणाऱ्या कामाची ज्यांना ओढ आहे, त्यांनी ही भेट चुकवू नये. ज्यांना केवळ सुवासिक वड्या विकत घ्यायच्या आहेत, त्यांचे काम शहरातील दुकानांतही होईल.

कोणता कारखाना पाहावा?

माझा कल सालाँ-द-प्रोव्हांस येथील मारियुस फाब्र या कारखान्याकडे आहे. मारियुस फाब्र यांनी १९०० साली घराच्या बागेतील एका लहानशा खोपटात साबण शिजवायला सुरुवात केली. कारखाना १९२७ पासून सध्याच्या वास्तूत आहे आणि आता त्याच घरातील चौथी पिढी तो चालवते. आवारात साबणाचे लहान संग्रहालय असून जुने शिक्के, साचे आणि वेष्टने तेथे मांडली आहेत. याच गावात रांपाल लातूर नावाचा दुसरा जुना साबण-व्यवसाय आहे, तर खुद्द मार्सेयमध्ये १८५६ पासूनचा फेर आ शव्हाल, म्हणजे ‘घोड्याची नाल’, हा कारखाना आहे. एकाच दिवसात सर्व पाहण्याचा आग्रह धरू नये. एकच कारखाना सावकाश पाहिला, तर अधिक हाती लागते.

तेथे पोहोचायचे कसे?

मार्सेयच्या सँ-शार्ल स्थानकावरून सालाँला जाणारी प्रादेशिक रेल्वे मिळते आणि प्रवासाला साधारण एक तास लागतो. गाव छोटे असल्यामुळे स्थानकावरून पायी फिरणे सोपे जाते. मार्सेय म्हणजेच आपल्या जुन्या पुस्तकांतील ‘मार्सेलिस’. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीतून समुद्रात उडी घेतली ती याच बंदरात. बहुतेक मराठी प्रवासी त्या ओढीने बंदरावर जातातच. त्यांनी साबणासाठी आणखी एक दिवस राखून ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.

कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिवशी जावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत कमी वेळा विचारला जातो. पहिल्या खेपेस मी ऑगस्टच्या मध्यावर गेले. संग्रहालय उघडे होते आणि दुकानही चालू होते, पण कढया थंड पडलेल्या होत्या, कारण फ्रान्समध्ये ऑगस्टात पुष्कळ कारखाने वार्षिक सुट्टी घेतात. इतक्या लांब येऊन रिकाम्या कढईच्या काठाशी उभे राहण्याची ती हुरहूर मला अजून आठवते. पुढे कळले, की उन्हाळ्यात साबण न शिजवण्याची प्रथा फार जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत १६८८ साली निघालेल्या फर्मानाने जून, जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत साबण करण्यास मनाई केली होती, कारण कडक उष्म्यात साबणाचा दर्जा बिघडतो असा अनुभव होता.

म्हणून एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा आणि शनिवार-रविवार टाळून कामाच्या वाराला जावे. त्यातही एक सूक्ष्म गोष्ट आहे. कढईचा फेरा दोन आठवड्यांच्या आसपास चालतो, त्यामुळे आपण जाल त्या दिवशी कढई उकळत असेल, निवत असेल किंवा वाफ्यांत ओतली जात असेल. जाण्यापूर्वी आठवडाभर आधी ई-पत्र पाठवून “ओतण्याचे किंवा कापण्याचे काम कोणत्या दिवशी आहे?” एवढेच नम्रपणे विचारावे. दुसऱ्या खेपेस मी तसे विचारले आणि मला सोयीचा दिवस कळवण्यात आला. मार्गदर्शकासह फेरी ठरलेल्या वारी आणि वेळीच असते व ती बहुधा फ्रेंचमध्ये चालते. इंग्रजी फेरी हवी असल्यास आधी नोंदणी करणे आवश्यक आहे.

आत गेल्यावर नेमके काय पाहायला मिळते?

साबण तयार होण्याचे पाच टप्पे आहेत आणि ते ठाऊक असले, तर समोर चाललेले काम वाचता येते. पहिल्या टप्प्यात कढईत तेल आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण एकत्र करून तापवतात. तेथून तेलाचे साबणात आणि ग्लिसरीनमध्ये रूपांतर सुरू होते. दुसऱ्या टप्प्यात खारे पाणी घालतात. मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नाही, म्हणून तो वर तरंगतो, आणि ग्लिसरीन व जादा सोडा असलेले पाणी खाली बसते, ते तळाच्या नळाने काढून टाकतात. तिसरा टप्पा शिजवण्याचा; यात पुन्हा सोडा घालून कित्येक दिवस उकळी चालू ठेवतात, म्हणजे तेलाचा अंशही कच्चा राहत नाही. चौथ्या टप्प्यात खाऱ्या पाण्याने वारंवार धुऊन उरलासुरला सोडा काढतात. शेवटी स्वच्छ पाणी देऊन कढई निवांत ठेवतात. अशुद्ध भाग खाली उतरतो आणि वर शुद्ध, गुळगुळीत साबण उरतो.

हे सारे चालू असताना माझे लक्ष एका माणसाच्या हातांवर खिळले होते. कढईच्या काठावर उभा असलेला तो प्रौढ कारागीर लांब दांड्याच्या उलथन्याने थोडा लगदा वर घेई, तो किंचित निवू देई आणि मग अंगठा व तर्जनीमध्ये दाबून पाही. आपल्या घरी एकतारी पाक पाहतात, अगदी तशी ती हालचाल होती. लगदा बोटांना चिकटला, तर अजून वेळ आहे. सुटून कोरड्या पापुद्र्यासारखा झाला, तर पुढे जायला हरकत नाही. यानंतर त्याने कणभर साबण जिभेच्या टोकाला लावला. जीभ चुरचुरली, तर सोडा शिल्लक आहे आणि आणखी एक धुणे हवे, हे त्यावरून कळते. त्याने क्षणभर डोळे मिटले, मान हलवली आणि पाण्याचा नळ पुन्हा उघडला. प्रयोगशाळेत नमुने तपासले जातात ते वेगळे, पण कढईजवळचा निर्णय अजूनही जिभेवर होतो. (पाहुण्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.)

त्यानंतर वाफे पाहावेत. गरम साबण नळीतून वाहत येऊन उथळ वाफ्यांत पसरतो आणि दोन-एक दिवसांत घट्ट होतो. प्रोव्हांसमध्ये वायव्येकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, झोंबरा वारा वाहतो. खिडक्या उघडून तो आत घेतात. मग थिजलेल्या साबणावर रेषा आखून सुमारे ३५ किलोच्या ढेपा कापतात, ढेपांचे चौकोनी तुकडे करतात आणि लाकडी फळ्यांवर वाळत ठेवतात. शेवटी घनाच्या सहाही बाजूंवर शिक्का उमटतो.

‘७२ टक्के’ या शिक्क्याचा अर्थ काय?

पारंपरिक घनावर कारखान्याचे नाव, वजन आणि ‘७२ टक्के तेल, अतिशुद्ध’ अशा आशयाची फ्रेंच अक्षरे असतात. साबणातील स्निग्धांशाचे प्रमाण त्यातून सांगितलेले असते; उरलेला भाग मुख्यतः पाणी, सोडा आणि किंचित मीठ यांचा. ग्राहकाला तेलाऐवजी पाणी विकले जात नाही, याची ती हमी होती. साबण जसजसा वाळतो, तसतसे पाणी उडून वजन घटते, म्हणून घनावर कोरलेले ग्रॅम आणि आपल्या तराजूवरचे ग्रॅम यांत फरक पडला, तर फसवणूक झाली असे समजू नये.

यात प्राण्यांची चरबी असते का? आम्ही शाकाहारी आहोत.

पारंपरिक मार्सेय साबण केवळ वनस्पती तेलांचा असतो. १६८८ च्या फर्मानाने चरबीला मज्जाव करून ऑलिव्ह तेलच वापरण्याचे बंधन घातले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात इतर वनस्पती तेले आली. हिरवा साबण ऑलिव्ह तेलाचा, त्यात थोडे खोबरेल मिसळलेला असतो. पांढऱ्यात पूर्वी शेंगदाण्याचे तेल असे, नंतर पाम आणि खोबरेल आले.

परंतु ‘मार्सेय साबण’ या नावाला दीर्घकाळ कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे ते नाव कोणीही, कोठेही, कशावरही छापत आला आहे. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी. सोडियम ऑलिव्हेट म्हणजे ऑलिव्ह तेलाचा साबण, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा, सोडियम पामेट म्हणजे पाम तेलाचा आणि सोडियम टॅलोएट म्हणजे प्राण्यांच्या चरबीचा. हा शेवटचा शब्द दिसला, की वडी परत ठेवावी. अस्सल घनाच्या यादीत जेमतेम पाच-सहा घटक असतात आणि त्यांत ना रंग असतो, ना सुगंध.

लॅव्हेंडरच्या रंगीत वड्या अस्सल नसतात का?

त्या वाईट नसतात, पण त्यांची जात वेगळी. जांभळ्या-गुलाबी सुवासिक वड्या पुष्कळदा बाहेरून आणलेल्या साबणाच्या शेवेपासून, म्हणजे सोप नूडल्सपासून, रंग व अत्तर मिसळून यंत्रात दाबलेल्या असतात. ती शेव पाम तेलाची असू शकते आणि तिचा प्रोव्हांसशी संबंध वेष्टनापुरता राहतो. मार्सेयच्या जुन्या बंदराजवळ ‘कारखाना’ अशी पाटी लावलेल्या एका दुकानात मी मोठ्या अपेक्षेने शिरले होते. आत तयार वड्यांवर शिक्का मारण्याखेरीज काहीही होत नव्हते. तेव्हापासून मी कोणत्याही ठिकाणी आधी एकच प्रश्न विचारते : “कढई कोठे आहे?” जेथे साबण शिजतो, तेथे या प्रश्नाचे उत्तर आनंदाने मिळते.

या साबणाचा आपल्याकडच्या मालाशी काही संबंध होता का?

होता, आणि तो जवळचा होता. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर हिंदुस्थानातील तेलबियांना मार्सेयचा मार्ग सोपा झाला. मुंबई बंदरातून तीळ आणि पुद्दुचेरीच्या बाजूने भुईमूग तेथील तेलघाण्यांकडे जाऊ लागले. त्या तेलांनी साबणाचा व्यवसाय वाढवला आणि १९१३ च्या सुमारास या परिसराचे उत्पादन वर्षाला सुमारे १,८०,००० टनांवर पोहोचले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डिटर्जंट पावडर आणि धुलाई यंत्रे आली आणि एकामागून एक कढया विझल्या.

खाराचे नातेही पाहण्यासारखे आहे. रासायनिक सोडा येण्यापूर्वी मार्सेयचे कारागीर खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या वनस्पतींची राख वापरीत, कामार्गच्या खाडीकाठी त्या विपुल वाढतात. आपल्याकडे सज्जीखार अशाच वनस्पती जाळून करत. १७९१ साली निकोला लब्लाँ याने मिठापासून सोडा करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि राखेची गरज हळूहळू संपली. शब्दांचे गोत्र तर एकच आहे : लॅटिन ‘सापो’, फ्रेंच ‘साव्हों’, अरबी ‘साबून’ आणि आपला ‘साबण’. कारखान्यात मी ‘साबण’ म्हणून दाखवले, तेव्हा तेथील बाई चटकन हसून मान डोलावत्या झाल्या.

मुलांना आणि ज्येष्ठांना नेता येईल का?

नेता येईल. तरीही कॉस्टिक सोडा कातडी जाळतो आणि उकळता साबण पाण्यापेक्षा अधिक भाजतो, हे ध्यानात ठेवून मुलांचा हात सोडू नये. फरशी निसरडी असते, म्हणून बंद आणि पकड असलेले बूट घालावेत. कढईच्या खोलीत वाफ व उष्मा जाणवतो. दमा असलेल्यांनी दारापाशीच थांबून पाहावे. ज्यांना जिने चढण्याचा त्रास आहे, त्यांनी नोंदणी करतानाच तसे कळवावे.

छायाचित्रे काढता येतात का? कामगारांशी बोलता येते का?

वास्तू आणि वाफे यांची छायाचित्रे सहसा काढू देतात, परंतु माणसांची काढण्यापूर्वी विचारावे. प्रवेश करताच “बाँझूर”, म्हणजे नमस्कार, म्हणण्याला तेथे फार महत्त्व आहे. तो शब्द न उच्चारता थेट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. लगदा ओतताना किंवा कापताना कारागिराला बोलण्यात गुंतवू नये.

विमानातून किती आणि कसा आणावा?

घट्ट साबण द्रवपदार्थ नसल्यामुळे तो हातातील सामानातही चालतो. ‘काळा साबण’ नावाचा मऊ किंवा पातळ प्रकार मात्र पोटॅशचा असतो आणि तो नोंदवलेल्या सामानातच ठेवावा. वजनाचा विचार आधी करावा. ६०० ग्रॅमचे पाच घन घेतले, तर तीन किलो भरतात. प्लास्टिकऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळावेत, कारण कोंडलेल्या साबणाला घाम फुटतो. मला स्वतःला दुकानातील तुकड्यांची पिशवी सर्वांत आवडते : कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे कोठे कोठे कमी दरात मिळतात आणि साबण तोच असतो.

त्वचेला आणि आपल्या पाण्याला तो मानवेल का?

येथे स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. हा मूलतः धुण्याचा आणि घरकामाचा साबण आहे. अंगाला लावतात आणि अनेकांना तो मानवतो. तरी कोणताही खरा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. कोरडी त्वचा किंवा इसब असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. ‘यात नैसर्गिक ग्लिसरीन राहते’ असे विक्रेते सांगतात, ते कढईच्या साबणाबाबत खरे नाही, कारण दुसऱ्या टप्प्यातच बरेचसे ग्लिसरीन खाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. ते राहते थंड पद्धतीच्या, म्हणजे न शिजवता केलेल्या, साबणात.

पाण्याचा प्रश्न अधिक खरा आहे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात, मग फेस येत नाही आणि बादलीला पांढरट साय धरते. आपल्या घरी तसे पाणी असेल, तर हिरव्यापेक्षा खोबरेल अधिक असलेला पांढरा घन घ्यावा. खोबरेलाचा साबण जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो. ऑलिव्हचा फेस मुळातच कमी आणि मलईसारखा असतो, तो त्याचा दोष नव्हे.

असा साबण घरी करता येईल का?

कढईची पद्धत घरी शक्य नाही, परंतु थंड पद्धतीने साबण करता येतो. एक किलो ऑलिव्ह तेलाचे पूर्ण साबणात रूपांतर व्हायला सुमारे १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम. म्हणून सोड्याचे प्रमाण तेच ठेवून तेल बदलले, तर चालत नाही. हिशेबापेक्षा सोडा पाच टक्के कमी घेतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते व साबण बोचत नाही. सोडा नेहमी पाण्यात घालावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये आणि वड्या महिनाभर तरी वाळू द्याव्यात.

आणलेला घन कसा वापरावा आणि किती दिवस टिकतो?

कोरड्या, हवेशीर जागी तो कित्येक वर्षे टिकतो आणि वाळेल तसा अधिक पुरतो. हिरवा घन उजेडात बाहेरून फिकट पडतो. मोठा घन कापायचा असेल, तर घरी आल्याबरोबर, ओलसर असतानाच, तारेने किंवा पातळ सुरीने कापावा. सहा महिन्यांनी त्याला सुरी लागत नाही आणि कडा तुटतात. धुण्यासाठी तो किसणीवर किसून गरम पाण्यात विरघळवतात. लोकर आणि तान्ह्या बाळाचे कपडे यांसाठी माझ्या घरी तोच वापरतात. खालून पाणी निथळेल अशा जाळीदार साबणदाणीत ठेवावा. पाण्यात बसलेला घन आठवड्यात मऊ पडतो.